एका नंबरावरच्या सातजणी

आमच्या घरात दोन दुकानं आहेत. खाली भावाचं, ताडपत्री, दोरखंड आणि प्लास्टिक कागदाचं. वरच्या खोलीत माझं, ज्यात काहीच विकलं जात नाही. लोणावळ्यात ताडपत्रीला मरण नाही, त्यामुळं इरफानचा धंदा कसा चाललाय हे कुणी विचारत नाही. माझं काय चालतं हे मात्र सगळे विचारतात आणि मी सांगायला लागले की दुसऱ्याच वाक्याला इकडंतिकडं बघायला लागतात. या अंकाच्या संपादकांनी लिहायला सांगितलं तेव्हा मी आधीच बजावलं होतं, की माझ्या कामात खून नाही, प्रेम नाही, परदेशवारीही नाही. ते म्हणाले, लिहा तर खरं. तेव्हा आता भोगा.

मी पुण्यात एका कंपनीत केस पिकेपर्यंत नोकरी केली. काम एकच, ठिकठिकाणच्या याद्या जोडून त्यांची एक यादी करणं. ज्याला हे सोपं वाटतं त्यानं घरचं एक लग्न काढून बघावं. देहूरोडच्या डेपोतून निवृत्त झालेले आमच्या ओळखीचे एक गृहस्थ मुलीच्या लग्नाच्या वेळी माझ्याकडं निमंत्रणाच्या याद्या घेऊन आले होते. एक त्यांची, एक बायकोची, एक थोरल्या भावाची आणि एक डेपोतल्या मित्रांची. एकच माणूस एका यादीत 'बंडूमामा', दुसरीत 'चिंचवडचे पाहुणे' आणि तिसरीत पूर्ण नावानिशी. तीन पत्रिका गेल्या तर हसं होतं, एकही गेली नाही तर माणूस जन्मभर बोलत नाही. मी याद्या जोडून दिल्या, तरी कुणाच्या तरी साडूचं नाव गळलं आणि ते कुणी काढलं यावरून ऐन हळदीच्या दिवशी दोघा भावांत अबोला झाला.

याद्या जोडणारे प्रोग्रॅम बाजारात भरपूर आहेत. पण हे नाव कुणी आणलं, कुणी काढलं, का काढलं आणि परत आणायचं झालं तर कसं, एवढा कारभार सांभाळणारं जे होतं ते फार महाग होतं. नोकरी सोडल्यावर मी ते स्वतः लिहिलं आणि इंटरनेटवर फुकट ठेवून दिलं. कुणीही घ्यावं, वापरावं, उघडून आत बघावं, सुधारून परत पाठवावं. नाव ठेवलं 'सांधा'. अब्बा ताडपत्र्या शिवायचे तेव्हा एक पट्टी दुसरीवर चार बोटं चढवून शिवायचे, कारण गळती तिथूनच सुरू होते. नाव त्यांच्याकडून घेतलं.

फुकट वस्तू द्यायला लागलं की माणसं संशयानं बघतात. एका साहेबांनी माझ्याकडं शिक्क्यासह हमीपत्र मागितलं. दुसऱ्या एकानं लिहिलं, यात तुमचा काय फायदा ते खरं सांगा, मग वापरतो. यांना उत्तरं देताना माझी चांगली करमणूक होते. एका गोष्टीनं मात्र जीव खालीवर होतो. विकलेल्या वस्तूचं गिऱ्हाईक माहीत असतं. माझं गिऱ्हाईक कोण, कुठं बसलंय, कधीची आवृत्ती वापरतंय, मला काही म्हणजे काही कळत नाही. मी दुरुस्ती करते, नवी आवृत्ती ठेवते, आणि ज्याला तिची गरज आहे त्याला ती आल्याचं ठाऊकच नसतं. ठाऊक असलं तरी तो ती घेत नाही, चालत्या गाडीला हात कशाला लावायचा म्हणतो.

त्या वर्षी उन्हाळ्यात मी एक मोठी दुरुस्ती केली होती. दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत असं ठरवून जोडल्या की एक वर राहते आणि दुसरी तिच्याखाली जाते. जुन्या आवृत्तीत ही खालची नोंद आत शाबूत असायची, पण ती बघायला खिडकी नव्हती. नव्या आवृत्तीत मी ती खिडकी केली. बाहेरच्या देशांतून आभाराची पत्रं आली. कामशेतहून काही आलं नाही, कारण कामशेतमध्ये कुणी 'सांधा' वापरतं हे मलाच माहीत नव्हतं.

ते कळलं एका सकाळी. पाऊस आठवडाभर ठाण मांडून बसला होता. पर्यटकांचा भुशी धरणाकडं जाणारा रस्ता पोलिसांनी बंद केल्यामुळं बाजार ओस होता. इरफान दुकानातला फोन हातात घेऊन धापा टाकत वर आला आणि म्हणाला, "आपा, कामशेतच्या संस्थेच्या मॅडम आहेत. आपल्याकडून कागद नेतात त्या. पण आज कागद नको म्हणतात, तू पाहिजे म्हणतात."

मॅडमचं नाव वैशाली. नाणे मावळाच्या वरच्या वाड्यांमध्ये काम करणाऱ्या एका आरोग्य संस्थेचं ऑफिस ती एकटी सांभाळायची. गिऱ्हाइकांपुढं बहिणीचं कौतुक करायची इरफानला खोड आहे, त्यामुळं 'सांधा' कुणी लिहिलाय हे तिला ताडपत्रीच्या दुकानात कळलं होतं. मी आधी थोडी फुशारले. मग तिनं सांगायला सुरुवात केली आणि माझं फुशारणं जागीच जिरलं.

त्या वाड्या नदीच्या पल्याड. मधे एक साकव, म्हणजे ओढ्यानदीवर बांधतात तसला कठडा नसलेला ठेंगणा पूल. धरणातून पाणी सोडलं की साकव बुडतो आणि पल्याडची माणसं पल्याडच राहतात. म्हणून दिवस भरत आलेल्या बायकांना संस्था आधीच जीपनं खाली आणून ठेवायची. कुणाला आणायचं ते यादीवरून ठरायचं. वाड्यांवर फिरणाऱ्या आशा कार्यकर्त्या सुरेखाताई आठवड्याला खाली येऊन मोबाइलमधली गरोदर, बाळंतीण, गोळ्या चालू असलेल्या अशा सगळ्यांची नावं सांगायच्या, उपकेंद्राची यादी वेगळी यायची, आणि वैशाली दोन्ही 'सांध्या'त भरायची. यादीवरून ज्याच्या त्याच्या नंबरावर आपोआप निरोप जायचा, की अमक्या दिवशी साकवापाशी या, गाडी येईल.

त्या दिवशी दुपारी पाणी सोडणार असं धरणावरून कळवलं होतं. वैशालीच्या यादीप्रमाणं यायच्या त्या सगळ्या बायका आल्या होत्या, आणि ती निवांत होती. तेवढ्यात कुठल्याशा डोंगरकडेवरून सुरेखाताईंचा फोन लागला. त्यांनी एवढंच विचारलं, "दोघी पोचल्या ना गं?" आणि फोन तुटला. त्यानंतर तो लागेना.

कुठल्या दोघी, ते वैशालीला समजेना. पल्याडच्या कुठल्याच वाडीतून दोघी यायच्या नव्हत्या, प्रत्येकीतून फार तर एक होती. वाड्या पाच आणि तीन दिशांना. जीप एकच, ती साकवाच्या अलीकडच्या टोकाला उभी. चालवणारा रफिक म्हणत होता, वाडी सांगा, जाऊन येतो. न सांगता शोधत फिरलो आणि मागं साकव बुडला, तर अल्याडच्या पेशंटना गाडी राहणार नाही. त्याचं बरोबर होतं. संस्थेचा नियमही होता की धरणाचा भोंगा झाला की साकवावर गाडी घालायची नाही.

मी तिला एकच प्रश्न विचारला, दोन नोंदींचा नंबर सारखा आला तर तुम्ही काय करता. ती म्हणाली, जोडतो. रविवारी पुण्याहून येणाऱ्या एका हुशार इंजिनिअरनं नियम घालून दिला होता. नंबर एक, आडनाव एक, वाडी एक, तर माणूस एक. शहरात बसून बघितलं तर नियमात खोट नव्हती. पण मी याच भागातली. वरच्या पठारावर मोबाइलला रेंज नसते हे मला माहीत होतं, आणि जिथं रेंज नसते तिथली माणसं नंबर कुणाचा देतात हेही माहीत होतं.

मी विचारलं, "धनगरवाडीचा नंबर कुणाचा आहे?"

तिनं बघून सांगितलं, बबन मरगळे. तो रोज खाली डेअरीला दूध घालायला यायचा. साकवापाशी आला की फोनला रेंज लागायची, वाडीचे सगळे निरोप एकदम टुणटुणायचे, आणि वर गेल्यावर तो घरोघर सांगायचा. वाडी सगळी मरगळ्यांची, फोन एकट्या बबनचा. म्हणजे तीच वाडी असणार असा माझा संशय, पण संशयावर मी रफिकला पुलावर घालणार नव्हते. इतर वाड्यांतही असे बबन असू शकत होते. बबनचा फोन लावला तर बंद. तो अजून खाली उतरला नव्हता.

खाली दबलेल्या नोंदी तिच्या कंप्युटरमध्येच होत्या. बघायची खिडकी नव्या आवृत्तीत होती, आणि तिच्याकडची आवृत्ती जुनी. अपडेट करताना 'सांधा' सगळी यादी मोडून नव्यानं रचतो. मधेच वीज गेली तर ना जुनी यादी राहते ना नवी होते. आणि बाहेर असा पाऊस, की कामशेतला सकाळपासून वीज येऊन जाऊन होती. इन्व्हर्टर कुंथत होता, त्याची पिकपिक मला फोनवर ऐकू येत होती.

माझ्या धंद्यातला पहिला नियम आहे, चालू कामात अपडेट करू नये. दुसरा, केलंच तर आधी नक्कल काढून ठेवावी. मी पहिला मोडायचं ठरवलं होतं. दुसरा मोडायची माझी तयारी नव्हती. वैशालीला मी म्हटलं, पेन ड्राइव्ह घे आणि आधी नक्कल काढ.

"मॅडम, वेळ नाहीये. रफिकभाई म्हणतायत पाणी चढतंय."

"नक्कल काढल्याशिवाय मी पुढचं बटण सांगणार नाही."

"तिथं एखादी बाई अडकली असेल मॅडम, आणि तुम्ही..."

"यादी गेली तर सगळ्याच अडकतील. काढ."

मी ओरडले. मला ओरडायची सवय आहे, पण त्या दिवशीच्या ओरडण्यात राग नव्हता, निव्वळ भीती होती. ती रडवेली झाली, पण तिनं पेन ड्राइव्ह लावला. आता वाट बघण्याखेरीज काही नव्हतं. तिच्या टेबलावर दुसऱ्या फोनवर रफिक होता, त्याचा आवाज मला दुरून यायचा. पाणी गढूळ झालं. पाण्यात फांद्या यायला लागल्या. मग तो म्हणाला, "मॅडम, पानी खालच्या दगडाला लागलंय. जायचं असंल तर आत्ता सांगा." इरफान माझ्या दारात उभा होता. खाली गिऱ्हाईक हाका मारत होतं आणि तो हलत नव्हता.

नक्कल झाली. अपडेट सुरू केलं. स्क्रीनवर दिसेल ते मोठ्यानं वाच असं मी तिला सांगितलं होतं, आणि ती वाचत होती. अर्ध्यावर आलं असेल तेव्हा खट् आवाज झाला आणि तिचं वाचणं थांबलं. वीज गेली होती. मी विचारलं, स्क्रीन चालू आहे का. परत विचारलं. मग ती हळू आवाजात म्हणाली, चालू आहे, इन्व्हर्टरनं धरलाय. स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम असा लांबून, डोळ्यांनी न दिसता, पिकपिकणाऱ्या इन्व्हर्टरवर चालताना ऐकायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

"झालं," ती म्हणाली.

मी तिला धनगरवाडी उघडायला सांगितली. तिथं एकच नाव दिसत होतं, कमल मरगळे. कमल आदल्या दिवशीच खाली आली होती आणि तिच्या नावापुढं हिरवी खूण होती. मग मी तिला नवी खिडकी उघडायला लावली. वैशाली नावं वाचत गेली. तान्ही मुलं असलेल्या तिघी. बीपीच्या गोळ्या चालू असलेल्या दोन म्हाताऱ्या. आणि मंगल मरगळे. कमल धरून सातजणी. बबनचा नंबर एक, म्हणून सातजणींची एक बाई झाली होती आणि तिचं नाव कमल होतं.

मंगलच्या नोंदीत तारीख त्याच आठवड्यातली होती. पुढं सुरेखाताईंनी सांगून लिहवलेलं होतं, आधीचं बाळंतपण सिझरचं, घरी होऊ देऊ नये.

वैशालीनं रफिकला वाडी आणि नाव सांगितलं. रफिकनं गाडी चालू केल्याचा आवाज आला, मग तो कुणाशी तरी बोलताना ऐकू आला. बबन दुधाच्या किटल्या घेऊन साकवावरून नुकताच अल्याड आला होता. रफिकनं त्याला विचारलं, मंगलला का नाही आणली. बबन जे बोलला ते माझ्या कानात आजही तसंच आहे.

"मला येकच निरोप आला, कमलचा. म्या येकच दिला."

किटल्या तिथंच ठेवून तो जीपमध्ये बसला. गाडी पल्याड गेली आणि रफिकचा फोन रेंजच्या बाहेर गेला.

त्यानंतरचा वेळ मला नीटसा आठवत नाही. वैशालीनं फोन ठेवला नाही आणि मीही नाही. इरफाननं चहा आणला, तो तसाच राहिला. कामशेतच्या ऑफिसात धरणाचा भोंगा ऐकू येत नाही, तो वाजल्याचं धरणावरच्या माणसानं फोन करून कळवलं. वैशालीनं मला ते सांगितलं तेव्हा आम्हा दोघींनाही नियम आठवला. भोंगा झाल्यावर साकवावर गाडी घालायची नाही, हे रफिकला माहीत होतं. मला वाटलं, आता ती बाई, तो ड्रायव्हर आणि तो दूधवाला तिघंही पल्याडच राहणार, आणि रात्रीत तिला काही झालं तर मी ज्याचं कौतुक मिरवते त्या 'सांध्या'चं मी काय करू.

मग वैशालीच्या टेबलावरचा दुसरा फोन वाजला. रफिक दमलेल्या आवाजात म्हणाला, "अल्याड आलो."

पाणी साकवावरून जायला लागलं होतं आणि बबन पुढं चालत वाट दाखवत होता, हे त्यानं नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर वैशालीनं त्याला फाडून खाल्लं असतं. मंगलला थेट जवळच्या कान्हे गावच्या सरकारी दवाखान्यात नेलं. संध्याकाळी सिझर झालं, मुलगी झाली, दोघी सुखरूप. मी खाली जाऊन इरफानच्या गल्ल्याशेजारी बसले आणि बराच वेळ रडले. गिऱ्हाइकांना वाटलं घरात काहीतरी वाईट झालंय.

गोष्ट इथं संपायला हवी होती, पण संपली नाही. पावसानं जरा उघडीप दिल्यावर बबन दुकानात आला. गोठ्यासाठी कागद घेतला, बांधून घेतला, आणि जाईना. इरफाननं मला खाली बोलावलं. बबननं माझ्याकडं न बघता सांगितलं, "बाई, वाडीत म्हनत्यात मंगलचा निरोप बबननं दाबला. तिच्या दिराचं आन माजं बांधावरनं वाजल्यालं हाये, म्हून दाबला म्हनत्यात. इतकी वर्सं निरोप नेतोय, येक चुकला न्हाई. तुमी वर येऊन सांगा."

मंगल वाचली याच आनंदात मी होते. त्या यादीनं आणखी एका माणसाचा घात केलाय हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी रफिकच्या जीपमधून मी वाडीवर गेले. वैशालीही आली.

वाडी देवळापुढं जमली. मी आधी शब्दांत सांगायला गेले, नोंद, जोडणी, आवृत्ती, आणि समोरचे चेहरे बघून गप्प बसले. मग सातही जणींना पुढं बोलावलं आणि एकीमागं एक उभं केलं, सगळ्यांत पुढं कमल. म्हाताऱ्या हसायला लागल्या. मंगल मुलीला घेऊन तिसरी उभी होती. मी लोकांना विचारलं, समोरून कोण दिसतंय. पोरंच ओरडली, कमल. बाकीच्या कुठं गेल्या? तिच्या मागं. मी म्हटलं, "यादीला समोरूनच दिसतं. सातजणींचा नंबर बबनभाऊंचा, म्हणून तिनं सातजणींना असं उभं केलं. निरोप एकीचाच निघाला. बबनभाऊंना तो एकच मिळाला, आणि त्यांनी तो पोचवला."

मंगलच्या सासूनं विचारलं, "मंग आमची मंगल हुती का न्हवती कागदावर?"

"होती मावशी. मागं होती."

म्हातारी म्हणाली, "तर मंग बबन्याला बोल नगं." मंगलचा दीर कडेला उभा होता. त्यानं खिशातून तंबाखूची पुडी काढली, मळली आणि अर्धी बबनच्या हातावर ठेवली.

पुण्याच्या त्या हुशार इंजिनिअरचं म्हणणं पडलं, प्रत्येकीनं स्वतःचा नंबर घ्यावा. मी त्याला म्हटलं, घेतील, रेंज तू दे. 'सांध्या'त मी नंबराच्या शेजारी एक नवा रकाना केला: निरोप कोण नेतं. तो भरलेला असेल तर नंबर कितीही सारखा असो, माणसं जोडायची नाहीत, आणि जितकी माणसं तितके निरोप सोडायचे. ही आवृत्ती बाहेर ठेवली तेव्हा मला वाटलं होतं, मावळाबाहेर याचं कुणाला काय. पण जिथं मी कधी जाणार नाही अशा डोंगरांतून, बेटांवरून पत्रं आली. कुठं बसचा ड्रायव्हर निरोप नेतो, कुठं नर्स, कुठं टपाल वाटणारी बाई. प्रत्येकानं आपापल्या बबनचं नाव कळवलं होतं.

नवी आवृत्ती सोडण्याआधी ती काही ठरलेल्या चाचण्यांतून काढावी लागते. त्यातली एक चाचणी मी त्या वाडीवरून घातली आहे. नावं बदललेली, नंबर खोटा, पण माणसं तीच. एका नंबरावरच्या सातजणी आत सोडायच्या आणि पलीकडून किती बाहेर येतात ते बघायचं. सहा आल्या तर आवृत्ती जात नाही, मग कुणी कितीही घाई करो.

मध्यंतरी वैशालीचा फोन आला. मंगलच्या मुलीची लसीची तारीख आली होती, निरोप त्या पोरीच्याच नावानं गेला आणि बबननं तो दूध घालून परतताना वर नेला. मी फोन ठेवला आणि चाचणीत एक ओळ वाढवली. आता मी आठ मोजते.